लैंगिक छळामुळे नोकरी सोडावी लागली तर: कोकणातल्या नोकरदार बायकांसाठी पायरीपायरीने

समुद्रकाठच्या एका हॉटेलात मी काही वर्षं रिसेप्शनला होते. वरिष्ठाच्या वागण्यामुळे ती नोकरी मला सोडावी लागली. त्यानंतर तक्रार, अडकलेला पगार, पीएफ, भरपाई या सगळ्यातून मी गेले. सगळं क्रमाने सांगणारं कोणी भेटलं नाही. ज्याला ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या राज्य विम्याचं, माहीत त्याला छळाची तक्रार ऐकणाऱ्या समितीचं माहीत नसे, आणि समितीचं माहीत असलेल्यांना पीएफचं. म्हणून हे लिहिते आहे. हॉटेल, होमस्टे, काजूचा कारखाना, मासळी प्रक्रियेचं युनिट, लोटे किंवा कुडाळ एमआयडीसीतली कंपनी, दवाखाना, पतपेढी, कुठेही काम करत असाल तरी क्रम साधारण हाच.

आपल्याकडे नोकरी गेली की सरकारकडून दरमहा भत्ता सुरू होतो अशी सरसकट सोय नाही. जे मिळतं ते वेगवेगळ्या ठिकाणांहून: मालकाकडे थकलेला पगार, ईएसआयचा बेरोजगारी भत्ता, पीएफ, ग्रॅच्युइटी (बरीच वर्षं नोकरी केल्यावर मालकाने द्यायची रक्कम) आणि समितीने ठरवलेली नुकसानभरपाई. यातल्या महत्त्वाच्या ठिकाणी पहिला प्रश्न येतो तो हा, की नोकरी तुम्ही आपणहून सोडलीत की सोडावी लागली? याचं उत्तर तुमच्या तोंडून कोणी घेत नाही, कागदावर बघतात. राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणास्तव' हे दोन शब्द लिहिले गेले की पुढे प्रत्येक टेबलावर तुम्हाला तेच शब्द खोडत बसावं लागतं.

अंगावर हात टाकला गेला असेल, रात्रपाळीला त्याच माणसाबरोबर एकटं थांबावं लागत असेल, तर खालचं काहीही वाचत बसू नका. आज तिथून निघा. पोलिसांसाठी 112, महिला हेल्पलाइन 181. कागद नंतरही करता येतात.

1. शक्य असेल तर राजीनामा आज देऊ नका

तिथे पाऊल टाकवत नाही हे मला ठाऊक आहे. पण घरी राहण्यासाठी राजीनामाच द्यावा लागतो असं नाही. दोन वाटा आहेत.

पहिली वाट कायद्यातली. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे, ज्याला सगळे 'पॉश' म्हणतात. त्याच्या कलम 12 प्रमाणे तक्रारीची चौकशी सुरू असताना तुम्ही समितीकडे लेखी मागणी करू शकता: मला किंवा त्याला दुसऱ्या जागी हलवा, किंवा मला तीन महिन्यांपर्यंत रजा द्या. ही रजा तुमच्या नेहमीच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त असते. समितीने शिफारस केली की मालकाला ती अमलात आणावी लागते. इथे एक बारकावा आहे. कायद्याच्या मजकुरात 'पगारी' हा शब्द नाही. त्यामुळे अर्जात 'पूर्ण पगारी रजा मिळावी' असं स्पष्ट लिहा, म्हणजे समितीच्या शिफारशीतही तो शब्द येईल. तो माणूसच तुमच्या कामाचा शेरा लिहिणारा असेल, तर ते काम दुसऱ्याकडे द्या अशीही मागणी करता येते.

दुसरी वाट आजारपणाची. झोप उडणं, धडधड, जेवण न जाणं हे सगळं डॉक्टरांना दाखवण्यासारखंच आहे. ईएसआय लागू असेल आणि त्यांच्या डॉक्टरांनी दाखला दिला, तर आजारपणाच्या लाभात पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. डॉक्टरांना कारण सांगा आणि केसपेपरवर लिहायला सांगा. हाच कागद पुढे भरपाई मागताना लागतो.

2. कागद आधी घराबाहेर काढा, नंतर बोला

तक्रारीचा वास आला की ऑफिसचा मेल बंद होतो, हजेरीचं अ‍ॅप उघडत नाही, मस्टर दिसेनासं होतं. म्हणून कोणाला काही सांगण्याआधी हे जमवा:

- नेमणूकपत्र, ओळखपत्र. नसेल तर युनिफॉर्ममधला फोटो, ड्युटीच्या वेळापत्रकाचा फोटो, कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे स्क्रीनशॉट
- पगाराच्या स्लिपा. पगार रोखीने मिळत असेल तर बँकेत भरलेल्या रकमांची नोंद, नाहीतर तारीखवार वहीत केलेली टिपणं
- ईएसआयचा विमा क्रमांक, पीएफचा यूएएन (कायमचा खाते क्रमांक) आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू असल्याची खात्री
- त्याने पाठवलेले मेसेज, कॉलची यादी, आवाजाची रेकॉर्डिंग
- कोणी पाहिलं, कोणाला तुम्ही त्याच दिवशी सांगितलं, त्यांची नावं व पत्ते

मेसेज कितीही किळसवाणे असले तरी ते पुसू नका. स्क्रीनशॉट काढलेत तरी मूळ मेसेज फोनमध्ये राहू द्या आणि तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. उद्या कोर्टात गेलं तर मूळ फोनलाच किंमत असते.

एक वही करा. तारीख, वेळ, जागा, काय झालं, काय बोलला, तुम्ही काय केलंत. शब्द जसेच्या तसे लिहा, घाणेरडे असले तरी. 'अश्लील बोलला' एवढ्याने समितीला काही कळत नाही. घडलं त्या दिवसाच्या आसपास लिहिलेल्या टिपणाला नंतर आठवून लिहिलेल्या दहा पानांपेक्षा जास्त वजन असतं.

3. तुमची समिती कुठली ते ठरवा

दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमायलाच हवी. नेमली नाही तर 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हे दहा मोजताना रोजंदारीवाले, ठेकेदाराची माणसं, शिकाऊ मुलं, हंगामी वेटर सगळे धरायचे. कायद्याच्या नजरेत ते सगळे कर्मचारीच आहेत.

कोकणात मात्र मोठी अडचण ही की कितीतरी बायका जिथे काम करतात ती ठिकाणं लहान असतात. चार खोल्यांचा होमस्टे, खानावळ, झेरॉक्सचं दुकान, डॉक्टरांचा खासगी दवाखाना. तिथे अंतर्गत समिती नसते. कधी कधी छळ करणारा मालकच असतो. या दोन्ही वेळी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असलीच पाहिजे. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे चौकशी करा: रायगडसाठी अलिबाग, रत्नागिरीसाठी रत्नागिरी, सिंधुदुर्गसाठी ओरोस.

दोडामार्गहून ओरोसला किंवा मंडणगडहून रत्नागिरीला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. प्रत्येक तालुक्याला तक्रार घेणारा एक नोडल अधिकारी नेमायचा असतो आणि त्याने सात दिवसांत ती जिल्ह्याच्या समितीकडे पाठवायची असते. तहसील कचेरीत किंवा पंचायत समितीत तो कोण आहे ते विचारा. तिथल्या शिपायापासून साहेबापर्यंत कोणाला माहीत नसेल तर वाद घालू नका, अर्ज सरळ जिल्ह्याला स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. घरबसल्या करायचं तर केंद्र सरकारचं शी-बॉक्स नावाचं पोर्टल आहे, तिथूनही तक्रार योग्य समितीकडे जाते.

सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ल्याच्या कितीतरी मुली गोव्यात कामाला जातात. त्यांनी लक्षात ठेवायचं, की घर सिंधुदुर्गात असलं तरी समिती कामाच्या जागेच्या जिल्ह्याची. पेडण्यातल्या हॉटेलातली तक्रार उत्तर गोव्याला जाते.

घरकाम करणाऱ्या ताईंची तक्रारही स्थानिक समितीच घेते. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवावी लागते.

4. तक्रार द्या: मुदत तीन महिने

घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची. अनेक घटना असतील तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, पण ते तिच्या हातात.

आपल्याकडे इथेच सगळ्यात जास्त बायका अडकतात. घटना मे महिन्याच्या गर्दीत घडते. मग 'हंगाम संपू दे', मग पाऊस, मग 'गणपतीला मुंबईहून भाऊ येईल, तेव्हा बोलू'. गणपती येईपर्यंत तीन महिने संपलेले असतात. भावाला जरूर सांगा, पण तक्रार त्याच्या सुट्टीवर ठेवू नका. मुदत उलटून गेली असेल तरीही अर्ज द्या आणि उशिराचं कारण लिहा: धमकी, आजारपण, समितीच नव्हती, जे खरं असेल ते.

तक्रार लेखी हवी, मराठीत चालते, फी किंवा स्टँप काही लागत नाही. नियमाप्रमाणे सहा प्रती, सोबत पुराव्यांच्या झेरॉक्स आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. सातवी प्रत स्वतःसाठी न्या आणि तिच्यावर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ही पोच पुढे ईएसआयला, कामगार कार्यालयात, पोलिसांकडे, सगळीकडे लागते. मला विचाराल तर या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा कागद तोच.

तुम्ही नोकरी आधीच सोडली असेल तरी तक्रार करता येते. कायद्यातली पीडित महिला ही 'नोकरीत असो वा नसो' अशीच आहे. मनाची अवस्था लिहिण्यासारखी नसेल तर नातेवाईक किंवा मैत्रीण तुमच्या वतीने देऊ शकते. छळ करणारा हॉटेलचा पाहुणा किंवा माल पोचवणारा ड्रायव्हर असेल तरी तुम्हाला सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच आहे.

5. आता राजीनामा, तोही नीट शब्दांत

तक्रार दिली, रजा किंवा बदली मागितली, तरी काही हललं नाही आणि तिथे राहणं अशक्य झालं, मग राजीनामा. साधारण असा लिहा:

'मी आपल्याकडे दि. ____ पासून ____ या पदावर काम करत आहे. कामाच्या ठिकाणी माझा लैंगिक छळ झाला असून त्याबाबत मी दि. ____ रोजी लेखी तक्रार केली आहे (पोच सोबत). त्यानंतरही मला सुरक्षितपणे काम करता येईल अशी व्यवस्था झालेली नाही. त्यामुळे नाइलाजाने मला ही नोकरी सोडावी लागत आहे. हा राजीनामा मी स्वखुशीने दिलेला नाही. माझी तक्रार, तसेच वेतन, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, राज्य विमा व नुकसानभरपाई याबाबतचे माझे सर्व हक्क मी राखून ठेवत आहे. माझा शेवटचा कामाचा दिवस दि. ____ राहील.'

घटनांचा तपशील राजीनाम्यात घालू नका. हा कागद ऑफिसात अनेकांच्या हातून फिरतो, तपशील तक्रारीत असू द्या. ईमेलने पाठवा आणि स्पीड पोस्टानेही.

तीन सापळे सांगते.

एचआर किंवा मॅनेजर गोड बोलून म्हणतो, 'असं लिहिलंस तर दुसरीकडे नोकरी मिळणार नाही, पर्सनल रीझन लिही, मी तुला चांगलं लेटर देतो.' त्याचं भलं होतं त्यात, तुमचं नाही. छापील फॉर्म पुढे केला तर 'कारण' या रकान्यात 'सोबतचे पत्र पाहावे' एवढंच लिहा.

दुसरा सापळा: नुसतं जायचं बंद करणं. तुम्ही घरी बसलात आणि काहीच कळवलं नाही, तर मालकाच्या कागदावर 'न सांगता गैरहजर' अशी नोंद होते. छळाचा त्यात मागमूस राहत नाही. एक साधा मेसेज का होईना, कारणासह पाठवा.

तिसरा पाकिटाचा. 'हे घे आणि विषय मिटव.' कायद्यात समेटाची सोय आहे, पण ती तुमच्या विनंतीवरून आणि समितीमार्फत. पैशाच्या देवघेवीवर समेट करायला कायद्याची मनाई आहे.

6. थकलेला पगार

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्याप्रमाणे राजीनामा दिल्यावरही थकलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायला हवं. 'फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी' हे ऑफिसातलं ठरलेलं वाक्य आता ऐकून घेऊ नका. नाही दिलं तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज करा.

हिशेबाच्या कागदावर बहुतेक वेळा शेवटी एक ओळ असते: 'माझी संस्थेविरुद्ध कोणतीही तक्रार अथवा मागणी नाही.' ती ओळ खोडा आणि सहीशेजारी लिहा, 'हक्क राखून, फक्त वेतनाची रक्कम मिळाली.' खोडू देत नसतील तर सही करू नका आणि पगार खात्यात जमा करा असं ईमेलने कळवा.

राजीनामा धाकदपटशाने लिहून घेतला असेल, तर ती नोकरीवरून काढून टाकल्यासारखीच गोष्ट आहे असा वाद कामगार कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्यापुढे मांडता येतो. तो मार्ग लांबचा आहे. त्यासाठी वकील हवा, आणि तो फुकट कसा मिळतो ते शेवटी सांगितलं आहे.

7. ईएसआयचा बेरोजगारी भत्ता

योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. पगाराच्या स्लिपेवर ईएसआयची 0.75 टक्के कपात दिसत असेल तर तुम्ही विमाधारक आहात. ईएसआय महिना 21 हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना लागू होतो.

मिळतं काय: सरासरी रोजच्या कमाईच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदाच. महिना 15 हजार पगार असलेल्या बाईला पूर्ण काळाचे साधारण 22 हजार. फार नाहीत, पण घरभाडं आणि किराणा निघतो. अर्ज नोकरी सुटल्यावर 30 दिवसांनी करता येतो, ऑनलाइन किंवा शाखा कार्यालयात, आणि त्यावर मालकाची सही लागत नाही. आधार आणि स्वतःच्या बँक खात्याचा तपशील हवा. ही योजना ठरावीक मुदतीची असते आणि मुदतवाढी मिळत आल्या आहेत, तेव्हा अर्जाच्या दिवशी ती चालू आहे ना हे शाखेत विचारून घ्या.

अटी नीट बघा. किमान दोन वर्षं विमा असलेली नोकरी हवी. नोकरी सुटण्याच्या लगतच्या वर्गणी काळात 78 दिवसांची वर्गणी, आणि त्याआधीच्या तीनपैकी एका काळात आणखी 78 दिवसांची. वर्गणी काळ दोन: एप्रिल ते सप्टेंबर, आणि ऑक्टोबर ते मार्च. पर्यटनातल्या बायकांनी इथे बोटं मोजून बघावं. ऑक्टोबर ते मार्चमध्ये 78 दिवस सहज भरतात. पण पावसात हॉटेल बंद ठेवणारा मालक जून ते सप्टेंबर वर्गणी भरत नाही, आणि फक्त एप्रिल-मेच्या जोरावर पहिल्या काळाचे 78 दिवस भरत नाहीत. म्हणजे दिवाळीच्या हंगामात नोकरी सोडणारीचा लगतचा काळ कोरा असू शकतो, आणि मे-जूनमध्ये सोडणारीचा भरलेला. मासळीच्या युनिटमध्ये 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हाचंही तसंच. ईएसआयच्या पोर्टलवर तुमची वर्गणी महिन्यागणिक दिसते, ती उघडून पाहा आणि मगच शेवटचा दिवस ठरवा. जिवावर बेतलं असेल तर अर्थातच हा हिशेब बाजूला ठेवा.

आता खरी अडचण. ज्यांनी नोकरी स्वेच्छेने सोडली, त्यांना हा भत्ता नाही असं योजनेत म्हटलं आहे. लैंगिक छळामुळे सोडावी लागलेल्यांसाठी वेगळी ओळ त्यात नाही. असायला हवी असं मला मनापासून वाटतं. छळ सोसून निघालेली बाई आणि कंटाळा आला म्हणून निघालेला माणूस एका रकान्यात बसवणं अन्यायाचं आहे. पण आज आहे त्या नियमात तुमची बाजू उभी राहते ती कागदांवर. अर्जासोबत तक्रारीची पोच, राजीनाम्याची प्रत, समितीची नोटीस किंवा अहवाल, एफआयआर झाला असेल तर त्याची प्रत जोडा आणि वर एक पानी पत्र लिहा, की ही नोकरी मी स्वेच्छेने सोडलेली नाही. खिडकीवर तोंडी 'बसत नाही' म्हणाले तर विनंती करा की कारण लेखी द्या. लेखी नकाराविरुद्ध वरच्या कार्यालयात, सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर, आणि त्यापुढे कर्मचारी विमा न्यायालयात जाता येतं. मंजुरी मिळेलच असं गृहीत धरून उसनवारी मात्र करू नका.

राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनाही कोणी सुचवेल. ती कारखाना बंद पडणं, कपात किंवा कायमचं अपंगत्व यासाठी आहे, राजीनाम्याला लागू नाही. तिच्यात वेळ घालवू नका.

8. पीएफ आणि ग्रॅच्युइटी

हे पैसे तुमचेच आहेत, कारण काहीही असो. बेरोजगार झाल्यावर पीएफमधले 75 टक्क्यांपर्यंत काढता येतात. उरलेल्या रकमेसाठी थांबायची मुदत वाढवायचा निर्णय ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने घेतला आहे, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून 'दोन महिन्यांत सगळे मिळतात' असं धरून चालू नका. मालक मुद्दाम नोकरी सोडल्याची तारीख भरत नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता.

ग्रॅच्युइटी पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर, ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर वर्षभरानंतरही. शेवटच्या महिन्याचा पगार (मूळ पगार अधिक महागाई भत्ता) गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. 12 हजार पगार आणि सहा वर्षं म्हणजे साधारण साडेएकेचाळीस हजार.

9. समितीपुढे भरपाई मागा, आकडा घालून

ज्यांना ना ईएसआय ना पीएफ, त्यांच्यासाठी हाच मुख्य आधार. कायद्याच्या कलम 15 प्रमाणे भरपाई ठरवताना समितीने मानसिक त्रास, नोकरीची गेलेली संधी, औषधोपचाराचा खर्च आणि त्या माणसाची ऐपत पाहायची असते. बुडालेला पगार 'गेलेल्या संधी'त मागायचा. पण आपल्या बायका तक्रारीत शेवटी लिहितात 'मला न्याय मिळावा', आणि थांबतात. समितीला आकडा लागतो. वेगळ्या पानावर असा मांडा:

- समजा पगार 14,000, नवीन काम मिळायला 4 महिने लागले: 56,000
- नवीन पगार 11,000, म्हणजे महिना 3,000 कमी, वर्षातले उरलेले 8 महिने: 24,000
- डॉक्टर, औषधं, समुपदेशन: बिलांप्रमाणे
- सुनावणीला जाण्यायेण्याचा खर्च: एसटीची तिकिटं जपून ठेवा
- मानसिक त्रासाची रक्कम वेगळी

नोकरी शोधल्याचा पुरावाही ठेवा: पाठवलेले अर्ज, मुलाखतीचे मेसेज. 'ही घरी बसून राहिली' असं म्हणायला जागा राहत नाही.

चौकशी 90 दिवसांत संपायला हवी. वकील कोणालाच आणता येत नाही, त्यालाही नाही. त्याच्यासमोर बसायची तयारी नसेल तर जबाब वेगवेगळे घ्या असा अर्ज करा. लागोपाठ तीन सुनावण्यांना कारण न देता गैरहजर राहिलात तर समिती चौकशी बंद करू शकते. पावसात घाट बंद पडतो, एसटी रद्द होते. अशा दिवशी सकाळीच फोन आणि ईमेल, दोन्ही करा. जबाबाची प्रत मागा, वाचल्याशिवाय सही करू नका.

'खोटी तक्रार केलीस म्हणून तुझ्यावरच कारवाई होईल' ही धमकी जवळजवळ प्रत्येकीला मिळते. कायदा स्पष्ट सांगतो, की आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

दोष सिद्ध झाला तर अहवालावर 60 दिवसांत कारवाई करायची असते. भरपाई त्याच्या पगारातून कापता येते. त्याने दिली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतो. सातबाऱ्याला कोकणात काय किंमत आहे हे त्यालाही ठाऊक असतं. निकाल पटला नाही तर 90 दिवसांत अपील.

10. गाव, पोलीस, वकील

'जाऊ दे गो, कित्याक वाढयतंस? लोकां काय म्हणतली?' हे आईसुद्धा म्हणते, मायेपोटी म्हणते. गाव लहान, मालक ओळखीतला, कधी नात्यातला. म्हणून सांगते: तुमचं नाव, पत्ता, तक्रारीतला मजकूर, चौकशीचं काहीही बाहेर फोडायला कायद्याने बंदी आहे, ती समितीलाही लागू आहे आणि मालकालाही. तक्रारीतच लिहा की पत्रव्यवहार बंद पाकिटातून किंवा माझ्या ईमेलवर करावा, नाहीतर पाकीट पोस्टमनच्या आधी वाडीत पोचतं. तुम्हीही गावाच्या ग्रुपवर काही टाकू नका. विश्वासातल्या एका-दोघींना मात्र सुरुवातीपासून सोबत घ्या.

समिती आणि पोलीस हे दोन वेगळे मार्ग आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ कलम 75, पाठलाग 78, विनयभंग 74, शब्द किंवा हावभावाने अपमान 79. एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती, फोन 15100. बोलायला, रडायला, राहायला जागा हवी असेल तर सखी वन स्टॉप सेंटर.

11. नवीन नोकरी लागल्यावर

मुलाखतीत विचारतील, आधीची का सोडली? छळाची गोष्ट सांगायला तुम्ही बांधील नाही. 'तिथलं वातावरण सुरक्षित नव्हतं, लेखी कळवून सोडली' एवढं पुरतं. अनुभवाचा दाखला आधीच्या मालकाने अडवला असेल तर समितीपुढच्या मागण्यांत तोही घाला.

नवीन ठिकाणी यूएएन आणि ईएसआयचा विमा क्रमांक जुनाच द्या, नवा काढू देऊ नका, नाहीतर आधीची वर्षं सुटी पडतात. ईएसआयचा भत्ता सुरू असेल तर नोकरी लागल्याची तारीख शाखेला कळवा. समितीपुढची चौकशी मात्र नवीन नोकरीमुळे बंद होत नाही. सुनावणीच्या तारखांना सुट्टी लागेल, हे नव्या ठिकाणी रुजू होतानाच सांगून ठेवा.